दादरच्या सहा गोळ्या

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. तीन वर्षांपूर्वी श्रावणात मी आमच्या कुत्र्याच्या फिटच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. सलग तीन दिवस. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता. आणि मी कोण? तेहेतीस वर्षं नोकरी केलेली आरोग्यसेविका! दोंडाईच्याच्या आसपासची खेडी पायी तुडवत ‘बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्धवट सोडू नका’ हे एकच वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की टीबीचे पेशंट मला लांबून बघूनच गोळी खाल्ल्याचं ओरडून सांगायचे, "खादी बाई, खादी गोयी!" तीच ही बाई. आता माझ्या बाजूने एवढंच म्हणा, की तेव्हा माझं वय लहान होतं. अडुसष्ट.

दुसरं म्हणजे, या सदरात लोक जे लिहितात ते मी दर महिन्याला वाचते आणि खरं सांगू... हसते. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाचे आजोबा फोटोतून खोकतात. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. बाळंतपणं अमावस्या बघून थांबत नाहीत, त्यामुळे मी नको त्या वेळी नको त्या पायवाटेने पुष्कळ चालले. भेटली ती फक्त कुत्री. भुतांपेक्षा मी जंतांना जास्त भ्यायले. आजही भुतांवर माझा विश्वास नाही. फक्त सहा गोळ्यांचा हिशेब लागत नाही — तेवढाच लिहिते.

आमच्या कुत्र्याचं नाव दादर. मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं, आम्ही त्याला स्टेशनचं नाव ठेवलं. खान्देशातल्या माणसाला सांगावं लागत नाही, दादर म्हणजे आमची ज्वारी. भाकरीसारखा पांढुरका रंग आणि पाठीवर तव्याचा डाग पडल्यासारखा एक काळा ठिपका. नात तनूने त्याला जळगावात कॉलनीच्या नाल्याजवळून उचलून आणलं, तेव्हा तो तिच्या शाळेच्या डब्यात मावत होता. मी म्हटलं, "हे घरात नको." तिसऱ्या दिवसापासून तो माझ्या पलंगाखाली झोपायला लागला. माझ्या शब्दाला घरात एवढा मान आहे.

दीड वर्षाचा असताना त्याला पहिली फिट आली. दुपारी चारची वेळ, मी भेंडी चिरत होते. पलंगाखालून ठक-ठक-ठक असा आवाज. वाकून बघते तर दादर आडवा, मान मागे ताठ, चारी पाय पोहल्यासारखे चालताहेत, तोंडाला फेस, खाली सगळं ओलं. सून सोनाली किंचाळली. तनू रडायला लागली. शेजारच्या काकू धावत आल्या त्या एका हातात कांदा आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन.

"हुंगवा, हुंगवा! चामड्याची आहे!"

"ताई," मी म्हटलं, "तुमची चप्पल मला इथून हुंगता येतेय, तो तर बिचारा जमिनीवर आहे. ठेवा बाहेर."

मी डोक्याखाली उशी सरकवली, तोंडात बोट घातलं नाही, आणि घड्याळ बघत बसले. दोन मिनिटं. मग तो उठला आणि आम्हाला ओळखेचना. भिंतीवर जाऊन आपटला, फ्रिजवर भुंकला, तनूवर गुरगुरला. अर्ध्या तासाने भानावर आला, तेव्हा चिरलेली कच्ची भेंडी सगळी खाऊन टाकली.

जळगावातल्या डॉक्टर मॅडम तरुण आहेत, प्राण्यांचा दवाखाना चालवतात. त्यांनी रक्त तपासलं, सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "आजी, ही एपिलेप्सी. बऱ्याच कुत्र्यांत कारण सापडतच नाही. आता आयुष्यभर गोळी. सकाळी सात, संध्याकाळी सात. बारा तासांचं अंतर चुकवायचं नाही. आणि एक वही करा."

वही मी कशाला करू, मी तर चार्टच केला! नोकरीतल्यासारखा. तारीख, सकाळ, संध्याकाळ, फिट आली का, किती मिनिटं. गोळी दिली की खूण. दिली नाही तर चौकोन कोरा. माझ्या सबंध नोकरीत मी न दिलेल्या औषधापुढे खूण केलेली नाही. साहेब तपासणीला आले म्हणूनसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड इथेच आहे.

फिट येणाऱ्या कुत्र्याबरोबर राहणं म्हणजे काय, ते लोकांना वाटतं तसं नसतं. लोकांना फिट दिसते. फिट दोन मिनिटांची असते हो. बाकीचं असतं ते रोजचं. त्या गोळीने भूक खवळते. दादरने सोनालीचा साबण खाल्ला, देवासमोरची केळी सालासकट खाल्ली, एकदा तनूचं भूगोलाचं पुस्तक खाल्लं — महाराष्ट्राच्या नकाशापर्यंत. पाणी घंगाळभर पितो आणि मग दर दोन तासांनी दाराशी उभा. मागचे पाय लटपटतात, म्हणून जिना चढताना टॉवेल पोटाखाली घालून उचलायचा. आणि गोळी तो फक्त माझ्या हातून घेतो. भाकरीचा तुकडा तुपात मळायचा, त्याच्या पोटात गोळी, वर बोराएवढा गोळा. तो माझ्यासमोर बसतो, मान वर करतो, डोळे मिटतो आणि गिळतो. देवाचं तीर्थ घेतल्यासारखा! सोनालीने एकदा प्रयत्न केला, तर तिच्या अंगठ्याला दात लागला. तनूच्या हातून त्याने शहाण्यासारखी घेतली. नंतर फ्रिजमागे झाडताना तिच्या तीन गोळ्या सापडल्या.

तेव्हा सात वाजता जिथे दादर, तिथे मी. चौदा महिने. धुळ्याच्या भाचीचं लग्न मी हळदीपुरतं पाहिलं आणि परतीची एसटी धरली. मैत्रिणी पद्मालयाला निघाल्या, "संध्याकाळपर्यंत येऊ गं," म्हणाल्या. मी गेले नाही. संध्याकाळ म्हणजे किती वाजता, हे बायकांना कधी कळलंय?

तर तो श्रावण. कानबाई.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कानबाई ही आमच्या खान्देशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. आमची भावकीची कानबाई एरंडोलला, माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे, अक्कांकडे बसते. अक्का तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. पाठीत वाकलेल्या, पण शब्दात ताठ. आम्ही जळगावहून चौघं गेलो — मी, मुलगा प्रमोद, सोनाली, तनू. पाचवा दादर, त्याला ठेवणार कुणाकडे? अक्कांच्या घरी चौघं. म्हणजे आम्ही आठ.

हा आकडा महत्त्वाचा, कारण कानबाईचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड गोड पोळ्या, माणशी मोजून होतात. माणशी सव्वा मूठ गहू, अक्काच मोजणार, दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. आणि रोट म्हणजे फक्त भावकीचा. पाहुण्याला नाही, शेजाऱ्याला नाही, लग्न झालेल्या पोटच्या लेकीलासुद्धा नाही. संपेपर्यंत तोच खायचा. आमच्याकडे बुधवार सकाळपर्यंत पुरवतात. तोवर त्या घरात दुसरा तवा चढत नाही.

रविवारी संध्याकाळी सात वाजले. मी हक्काने रोटाचा तुकडा मोडायला गेले, तोच अक्कांनी माझं मनगट धरलं.

"काय करी ऱ्हायनी?"

"दादरची गोळी द्यायची आहे अक्का. एवढासा तुकडा."

"हाऊ रोट भावकीना शे. पोटनी पोरले बी आपन देतस नही, नि तू कुत्राले देशी?"

"अक्का, आजारी आहे तो."

"मंग कानबाईले हात जोड. नर्सबाई व्हयनी म्हनीसन रोट बाटाडू नको."

सगळे हसले. मीही हसले. दादर माझ्यासमोर बसून मान वर करून डोळे मिटून वाट बघत होता. मी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हटलं, "चल, आज उपास."

अडीच महिन्यांत त्याला फिट आली नव्हती. एक गोळी चुकली तर काय होतंय, असं मी स्वतःला म्हटलं. टीबीवाले हेच म्हणायचे, अगदी हेच शब्द. सोमवारी सकाळीही दिली नाही. तोवर एक चुकलीच होती, म्हटलं, आता रोट संपेपर्यंत राहू दे. सोनालीने विचारलं, "आई, दिली ना गोळी?" मी म्हटलं, "दिली." संध्याकाळी पुन्हा, "दिली ना?" "दिली गं बाई." चार्टमध्ये मात्र चौकोन कोरे ठेवले. सुनेशी खोटं बोलले, चार्टशी बोलता येईना.

या तीन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. दोन्ही मी बघितल्या, आणि दोन्हींचा तेव्हा मला काही अर्थ लागला नाही.

पहिली रोटांची. रविवारी रोट भाजून झाले तेव्हा अक्का टोपलीवर वाकून पुन्हा पुन्हा मोजत होत्या.

"आठ जनन्या मूठी लिन्ह्यात मी. नऊ रोट कसा व्हयनात?"

"लाटताना लहानमोठे झाले असतील," त्यांची सून म्हणाली.

"साठ वरीस व्हयनात माले. मन्हा हात चुकस नही."

शेवटी तो नववा रोट त्यांनी एका ताटलीत झाकून कानबाईच्या चौरंगामागच्या कोनाड्यात ठेवला. सोमवारी देवी उठली तरी ताटली तिथेच राहिली. मंगळवारी मी झाडताना झाकण उचलून पाहिलं. रोट कडेने चिमूट चिमूट मोडलेला होता. उंदीर नव्हे, उंदराच्या दाताची खूण मला कळते. बोटांनी मोडल्यासारखा. मी म्हटलं, तनू चोरून खात असेल, खाऊ दे. झाकण ठेवलं.

दुसरी गोष्ट त्याच मंगळवारची. संध्याकाळ, उजेड होता अजून. सगळे ओट्यावर. मी आत चष्मा घ्यायला गेले. मधल्या खोलीत, माझी कापडी पिशवी जिथे खुंटीला टांगली होती, तिच्याखाली दादर बसला होता. भिंतीकडे तोंड. मान वर, डोळे मिटलेले. त्याने तोंड उघडलं, मिटलं, गिळलं आणि जिभल्या चाटल्या. मग शेपूट हलवली. दोनदा, नेहमी हलवतो तशी. समोर कुणी नव्हतं. भिंत होती आणि जुनं कॅलेंडर होतं.

मला भीती वाटली, पण भुताची नाही हो! डॉक्टर मॅडमनी मला सांगून ठेवलं होतं, काही कुत्री माशी पकडल्यासारखं हवेत तोंड मारतात, तीही फिटच असते, छोटी. झालं, म्हटलं, सुरू झालं. आता मोठी येणार. मी खाली बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि घड्याळ बघत राहिले. पंधरा मिनिटं, अर्धा तास. काही आलं नाही. तो घोरायला लागला. मी चार्टमध्ये लिहिलं: मंगळवार, सं. ७.००, हवेत तोंड मारले, अर्धा मि. आणि गोळीचा चौकोन कोरा.

वेळ सात वाजताची होती, हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण देता येत असून गोळी मी तेव्हाही दिली नाही, आणि बुधवारी सकाळीही नाही. का, ते पुढे सांगते. बुधवारी दुपारी जळगावात दादरची रक्तातल्या औषधाची तपासणी आधीपासून ठरलेली होती. येताना गाडीत तो माझ्या पायावर डोकं ठेवून होता आणि पाळधी येईपर्यंत मी त्याची फासळी न् फासळी मोजली. दवाखान्यात शिरल्या शिरल्या मी सोनालीला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि सांगून टाकलं.

"मॅडम, सहा गोळ्या दिल्या नाहीत."

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. "म्हणजे?"

"रविवार संध्याकाळपासून. आमचे रोट होते..."

"आजी!" त्या उभ्याच राहिल्या. "हे औषध असं एकदम बंद करत नाहीत, तुम्हाला सांगितलं होतं ना मी? एकामागून एक फिट येत राहतात, थांबतच नाहीत. कुत्रं हातातून जातं. तुम्ही तर नर्स होतात!"

"होते."

"तीन दिवसांत किती आल्या?"

"एकही नाही. मंगळवारी हवेत तोंड मारलं, तेवढंच."

दादर वजनकाट्यावर बसून बिस्किटाच्या डब्याकडे बघत होता. मी मान खाली घालून पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. रविवारी सकाळची गोळी दिल्यावर जुनं संपलं, म्हणून नवं काढलं होतं. चार्टमध्ये तसं लिहिलंय, ‘नवीन पाकीट, दहा’. मी ते टेबलावर ठेवत म्हटलं, "हे बघा, याला हातसुद्धा लावलेला नाही."

मॅडमनी पाकीट उचललं. बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"आजी, यात चार आहेत."

मी चष्मा पुसला. चार होत्या. सहा खोपे रिकामे. आणि प्रत्येक खोप्यावरची चांदी नखाने चिरून मागे दुमडलेली, उलट्या पापणीसारखी. अशी गोळी फक्त मी काढते. पहिल्या नोकरीपासूनची खोड, म्हणजे रिकामा खोपा लांबून कळतो.

मॅडम खाली बसल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "दिल्यात तुम्ही. जीव घाबरा केलात माझा!"

"नाही दिल्या."

"आजी..."

"बाई, मी म्हातारी आहे, पण न दिलेली गोळी मला कळते. हा चार्ट बघा."

त्यांनी चार्ट बघितला, सहा कोरे चौकोन बघितले, रिकामे सहा खोपे बघितले. शेवटी म्हणाल्या, "रक्त खोटं बोलत नाही. तीन दिवस औषध नसेल, तर प्रमाण चांगलंच खाली आलेलं दिसेल. बघू." आणि सुई लावली.

रिपोर्ट बाहेरून यायला चार दिवस लागले. मागच्या तपासणीत जितकं औषध रक्तात होतं, जवळजवळ तितकंच. एकही गोळी न चुकलेल्या कुत्र्याचं असावं तसं.

मधल्या चार दिवसांत घरात माझी उलटतपासणी झाली आणि मी सगळ्यांची घेतली. सोनाली म्हणाली, "आई, तुम्ही दर वेळी ‘दिली’ म्हणालात, मग मी कशाला देऊ? डबल नाही का होणार? आणि माझ्या हातून घेतो तरी का तो?" तिने अंगठा पुढे केला. तनूने आईची शपथ घेतली, रोट चोरल्याचं तिने उलट आनंदाने कबूल केलं असतं, पण तिला गोड आवडत नाही. प्रमोद पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "आई, तूच दिल्यास आणि विसरलीस."

हे मात्र लागलं मला. चेष्टा नाही. माझी आई शेवटी शेवटी मला ‘बाई, तुम्ही कुणाच्या?’ विचारायची. मी विसरत असेन, तर आज गोळी दिल्याचं विसरेन आणि उद्या दोनदा देईन. दादरचा जीव माझ्या हातात आहे म्हणजे माझ्या डोक्यात आहे. ते डोकंच फुटकं निघालं तर? मी स्वतःच सोनालीला म्हटलं, "मला दाखव डॉक्टरला."

त्या डॉक्टरांनी मला तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरले आणि म्हटलं, "डॉक्टर, आता तुम्ही दोनपासून वर चढत या." ते म्हणाले, "आजींचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. घेऊन जा घरी." त्या तीन वस्तू मला आजही आठवतात. चमचा, छत्री, गुलाब.

म्हणजे मी दिल्या नाहीत. दुसऱ्या कुणी देऊ शकत नव्हतं. आणि गोळ्या दादरच्या पोटात गेल्या. एरंडोलच्या त्या मधल्या खोलीत संध्याकाळी सात वाजता त्याने भिंतीसमोर मान वर करून काय गिळलं, हे मी बघितलंय. बघितलंय म्हणजे... त्याला गिळताना बघितलंय. देणारा हात नाही बघितला.

मग मी दादरला घेऊन एरंडोलला गेले. अक्कांशिवाय विचारायचं राहिलं होतं कोण? पण अक्का कुत्र्याला वावभर लांब ठेवायच्या, दादर त्यांना बघून गुरगुरायचा. आणि त्यांची बोटं संधिवाताने अशी वळलेली, की चोळीचं बटण सून लावायची. त्या पाकिटाची चांदी त्या कशा चिरणार?

अक्का ओट्यावर तळहाताखाली दाबून शेंगा फोडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, चार शेंगा फोडल्या आणि सगळं सांगितलं. कोरे चौकोन, रिकामे खोपे, रिपोर्ट, भिंत. नवव्या रोटाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "बुधवारले ताटली धुवाले लिन्ही, त बठ्ठा सरी गयथा. माले वाटनं, तू खादा."

"मी नाही खाल्ला."

"मी बी नही."

समोर दादर उतरत्या उन्हात पसरला होता, आणि आश्चर्य म्हणजे, गुरगुरत नव्हता.

तेव्हा मी त्यांना ते सांगितलं, जे मी डॉक्टर मॅडमना सांगितलं नाही आणि तुम्हालाही वर सांगितलं नाही. रोटाचं निमित्त होतं. अक्कांच्या शेजारणीकडून दादरसाठी रोज भाकरी येत होती. दोन्ही वेळा! गोळी त्या भाकरीत घालता आली असती. मला तेव्हाही कळत होतं. अक्कांनी मनगट धरलं ना, तेव्हा मला राग नव्हता आला. बरं वाटलं होतं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा सात वाजले आणि मी उठले नाही. ओट्यावर बसून बायकांची गाणी ऐकली, पाय लांब केले. मंगळवारी त्याने हवेत तोंड मारलं, मी घाबरले, तरी त्या भाकरीकडे गेले नाही. मनाच्या तळाशी कुठेतरी... येऊ दे एकदाची मोठी फिट, होऊ दे काय व्हायचं ते, म्हणजे मी सुटेन, आणि तोही सुटेल. असं आलं होतं मनात. शब्दात नाही, पण आलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी काढलेली ही बाई, आणि तिला एका मुक्या जनावराचा इतका कंटाळा आला होता.

अक्का ऐकत होत्या. शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. मला वाटलं, आता कानबाईचं नाव घेतील. म्हणतील, आईने दिली. तसं म्हणाल्या असत्या तर मी वाद घातला असता, जिंकले असते आणि घरी आले असते.

तीन वर्षं झाली. दादरला अजून फिट येतात, दोन-तीन महिन्यांनी एखादी. गोळ्या चालू आहेत, एकही चौकोन कोरा नाही. अक्का गेल्या पौषात गेल्या. डॉक्टर मॅडमनी तो रिपोर्ट फाइलला लावून वर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, त्यांच्याजवळही तेवढंच उत्तर आहे. कुणाला यातलं काही उलगडलं तर जरूर कळवा, फक्त ‘आजी, तुम्हीच दिल्या असतील’ एवढं सोडून.

त्या दिवशी ओट्यावर मी अक्कांना शेवटी विचारलंच, "अक्का, मग दिल्या कुणी?" त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली, दारातून आत घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या —

"तुले तीन दिननी सुट्टी जोयजे व्हती, ती भेटनी. कोनी दिन्ही हाई इचारीसन काय करशी? ऊठ, सात वाजी ग्यात. त्यानी गोयी दे."